सूचना : कुपवाड-मिरज एमआयडीसीतील सभासदांसाठी, शिशाची तपासणी

नमस्कार. येत्या गुरुवारी सकाळी १० वाजता हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) घेऊन प्रशिक्षित तंत्रज्ञ कुपवाडला येत आहेत. बॅटरीकाम, पितळेचं ओतकाम आणि जुना रंग खरवडणाऱ्या शॉपनी बुधवारपर्यंत नावं द्यावीत.

यंत्र टेबलावर टेकवलं की शिसं, तांबं, जस्त काही सेकंदांत दाखवतं. माझा आग्रह एकच : पहिलं माप कामावरची पोरं डबा खातात त्या बाकावर घ्या. हाताची धूळ भाकरीबरोबर पोटात जाते, मशीनपेक्षा तिथली काळजी मोठी.

हवेतलं शिसं मात्र असं टेकवून कळत नाही. त्यासाठी कॉलरला फिल्टर आणि कमरेला छोटा पंप लावून पाळीभर हवा ओढावी लागते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम होती. स्टेनलेस वेल्डिंगवाल्यांनो, यंत्र क्रोमियम दाखवेल, पण त्यातलं घातक क्रोमियम-सहा वेगळं सांगणार नाही; तो नमुना लॅबलाच द्या.

आदल्या दिवशी शॉप धुऊन काढू नका, रोजचं आहे तसंच राहू द्या. यंत्रातून क्ष-किरण निघतात, म्हणून मोजणी चालू असताना समोर कुणीही हात धरू नये.