घरकुलांच्या नकाशात उष्णतेचाही विचार हवा

मा. संपादक,
स. न.

मे महिन्यात रात्री अकराला स्लॅबच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. ती गरमच लागते. दिवसभर साठवलेली उष्णता ऐन झोपेच्या वेळी आत येते. कूलर लावावा तर त्याला पाणी लागते, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना उन्हाळ्यातल्या पाण्याचे मोल सांगायला नको.

माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे गार असत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्याच दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गाडली गेली. लोकांनी ती घरे सोडली हे योग्यच झाले. मात्र त्यांच्या जागी पातळ भिंती, पत्रे आणि उघडे स्लॅब आले. भिंतीचे वजन न वाढवता गारवा परत आणता येतो, म्हणून हे पत्र.

पहिला मान छताचा. थर्माकोलमधून काँक्रीटच्या मानाने सुमारे चाळीसपट कमी उष्णता जाते. स्लॅबवर त्याचा थर, वर कोबा आणि पांढरी फरशी, एवढ्याने मोठा फरक पडतो. भिंतींसाठी हलके एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या पोकळ्या असलेले सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे आहेत.

त्यापुढची पायरी फेज चेंज मटेरियलची. हिवाळ्यात गोठलेले खोबरेल उन्हात ठेवले की वितळताना उष्णता घेते, तसेच हे पदार्थ भिंतीत राहून करतात. एक किलो पॅराफिन मेण वितळताना जवळपास २०० किलोज्यूल उष्णता घेते. तेवढी सामावायला वीस किलोंहून जास्त वीट दहा अंशांनी तापावी लागेल. जाड भिंतीचे काम पातळ थरात होते ते असे. अट एकच, रात्री ते पुन्हा गोठले पाहिजे. आपल्याकडे मेमधल्या रात्रीही पंचविशीच्या वर असतात. तेव्हा २३-२४ अंशांना वितळणारा माल इथे महिनाभर पातळच राहील आणि पैसे वाया जातील. वितळणबिंदू इथल्या रात्री पाहूनच ठरवावा लागेल. मेण पेट घेते, हेही विसरून चालणार नाही.

२०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीत, छतातून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे, पण ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. ज्यांना एसी परवडत नाही, त्यांची घरकुले मात्र त्यातून सुटली.

शासनाने घरकुलाच्या अनुदानात छताच्या उष्णतारोधक थरासाठी वेगळी रक्कम द्यावी. शिवाय मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेजारची दोन सारखी घरकुले घेऊन एकात हे फेज चेंज पदार्थ बसवावेत, एक तसेच ठेवावे आणि मार्च ते जूनचे तापमान व वीजबिल गावकऱ्यांपुढे मांडावे.

— एक वाचक, औसा (जि. लातूर)