उद्योगमंत्री साहेब, आता नवीन पोर्टल नको, लहान उद्योगांना त्यांची स्वतःची वेबसाईट द्या

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या कुडाळचा. काजू फोडणारे, कोकम-आगळवाले, मालवणी मसाला करणाऱ्या ताई, देवबाग-तारकर्लीचे होमस्टेवाले, सावंतवाडीची लाकडी खेळणी करणारे, अशा लोकांना टेम्प्लेटवरून वेबसाईट बनवून देणं हे माझं काम. टेम्प्लेट म्हणजे तयार साचा, त्यात नाव, फोटो, दर, पत्ता आणि फोन नंबर भरला की पान उभं राहतं, कोडिंग शिकावं लागत नाही आणि लाखभर रुपये तर अजिबात लागत नाहीत. हे मुद्दाम सांगतोय कारण आमच्याकडे अजून वेबसाईट म्हटलं की माणूस घाबरतो, "ते मोठ्या कंपन्यांचं काम हो, आपल्याला काय परवडतंय" असं म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, असलेल्या सूक्ष्म उद्योगाने मागितलं तर त्याला जिल्हा उद्योग केंद्रातून एक साधी, मराठी, टेम्प्लेटवर बनलेली वेबसाईट मिळावी, तिचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, त्या उद्योजकाच्याच नावावर असावं आणि उद्या त्याला ती उचलून दुसऱ्या कंपनीकडे न्यायची झाली तर कोणाची परवानगी न मागता नेता यावी. एवढंच.

आता डोमेन स्वतःच्या नावावर यावर मी इतका का अडून बसलोय ते सांगतो. गुगलने 2017 मध्ये लहान दुकानदारांसाठी फुकट वेबसाईटची सोय काढली होती, मॅपवर दुकानाची माहिती भरलेली असेल तर तीच माहिती टेम्प्लेटमध्ये बसून पाच-दहा मिनिटांत एक पान तयार व्हायचं, पत्त्याच्या शेवटी बिझनेस डॉट साईट असायचं. फार चांगली सोय होती, कितीतरी लोकांनी घेतली, व्हिजिटिंग कार्डावर छापली, काजूच्या पाकिटांवर छापली, रिक्षाच्या मागे रंगवली. मार्च 2024 मध्ये ती सेवा बंद झाली. जूनपर्यंत जुना पत्ता टाकला की मॅपवरच्या माहितीकडे वळवत होते, त्यानंतर तेही थांबलं. फुकट दिलेली सेवा बंद करायचा कंपनीला हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण पाकिटांचा हजाराचा गठ्ठा छापून ठेवलेल्या माणसाचं काय? पत्ता त्याचा कधी नव्हताच, भाड्याच्या खोलीला स्वतःचं नाव लावावं तसं झालं होतं ते.

दुसरा प्रकार याहून वाईट आणि तो मी जवळून बघितलाय. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका ताईंचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे, दहा-बारा बायका कामाला. त्यांना एका एजंटने वेबसाईट करून दिली, पस्तीस हजार घेतले, वेबसाईट दिसायला बरी होती. दीड-दोन वर्षांनी पान उघडेना म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासायला गेलो तर ईमेल एजंटचा, फोन एजंटचा, पासवर्ड एजंटकडे आणि एजंटचा नंबर बंद. मुदत संपली, नूतनीकरणाचा मेल गेला तो त्याच्या इनबॉक्समध्ये, ताईंना कळलंसुद्धा नाही, आणि काही दिवसांनी ते नाव कुणीतरी उचललं. आज त्यांच्या कारखान्याचं नाव टाकलं की ऑनलाईन जुगाराच्या जाहिराती दिसतात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्यांना फोन करून विचारलं की ताई, तुम्ही धंदा बदललात का. वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च असतो हो डोमेनचा, तेवढ्यासाठी कमावलेलं नाव गेलं.

आता तुमच्या कार्यालयातून कुणीतरी म्हणेल की आजकाल सगळ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे, इन्स्टा आहे, वेबसाईट कशाला हवी. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस भारतात 2018 मध्ये आलं, आमच्याकडचे लोक ते उत्तम वापरतात, कॅटलॉग टाकतात, क्यूआरवर पैसे घेतात, त्यात शिकवण्यासारखं काही राहिलेलं नाही. पण ते सगळं आधीच ओळखणाऱ्या गिऱ्हाईकासाठी आहे. नाशिकच्या ज्या कुटुंबाला मे महिन्यात देवबागला यायचंय आणि इथलं कोणीच माहीत नाही ते गुगलवर शोधणार, तिथे सगळ्यात वर मोठ्या बुकिंग कंपन्यांची पानं येणार, आणि दोन खोल्यांच्या होमस्टेवाल्याला तिकडून गिऱ्हाईक आलं की भाड्यातले पंधरा-वीस टक्के सहज कमिशनमध्ये जाणार. स्वतःचं पान असेल, त्यावर खोलीचे खरे फोटो, जेवणाचे दर, समुद्र किती अंतरावर, गाडी लावायला जागा आहे का, हे नीट लिहिलेलं असेल तर त्यातले निदान काही लोक थेट फोन करतात. सगळे करत नाहीत, मी खोटं सांगणार नाही, पण जे करतात त्यांचे पूर्ण पैसे घरात येतात आणि पुढच्या वर्षी तेच लोक पुन्हा येतात.

आणि कोल्हापूरचं बघा ना. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, केवढा गदारोळ झाला, कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेलं जीआय मानांकन, म्हणजे वस्तू मूळ कुठली ते सांगणारी नोंद, सगळ्यांना आठवलं. त्या आठवड्यात जगभरातून लोक कोल्हापुरी चप्पल शोधत असणार. अशा वेळी चपला शिवणाऱ्या माणसाचं स्वतःचं पान, त्याच्या हाताचे फोटो, त्याचा नंबर समोर यायला हवा होता, मधल्या व्यापाऱ्यांची पानं नव्हे. अशी संधी सांगून येत नाही, तयारी आधी असावी लागते.

साहेब, हे सरकारला जमणार नाही असं कोणी म्हणू नये, कारण सरकारने हे स्वतःसाठी केलेलं आहे. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी वेबसाईट एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या एस-थ्री-वास या टेम्प्लेट पद्धतीवर चालतात, साचा एकच, जिल्ह्याचं नाव आणि माहिती वेगळी, मराठी-इंग्रजी दोन्ही, मोबाईलवर नीट दिसणारी. सिंधुदुर्गची आणि कोल्हापूरची उघडून शेजारी शेजारी ठेवा, लगेच लक्षात येईल. कलेक्टर ऑफिसला जे चालतं ते कोकम सरबतवाल्याला का चालू नये? ती यंत्रणा जशीच्या तशी द्या असं म्हणत नाही, ती सरकारी साईटसाठी आहे, पण रीत तीच ठेवा.

दरवेळी काय होतं, योजना आली की एक मोठं पोर्टल येतं. त्यात बचत गट, कारागीर, शेतकरी कंपन्या सगळ्यांना एकत्र बसवतात, उद्घाटन होतं, पहिले सहा महिने फोटो चढतात आणि मग ज्यांनी माहिती भरली त्यांनाच ती बदलता येत नाही, दर जुने, फोन नंबर जुने. दोष त्या पोर्टलवर राबणाऱ्या लोकांचा नाही, रचनेचाच आहे. गिऱ्हाईक पोर्टलचं होतं, उत्पादकाचं होत नाही. केंद्राचं ओएनडीसी, म्हणजे ऑनलाईन खरेदी-विक्रीचं सगळ्यांना खुलं जाळं, 2021 च्या शेवटी स्थापन झालं ते याच विचाराने की विक्रेता एका कंपनीच्या दारात बांधलेला नको, तोच विचार वेबसाईटलाही लावा.

आता टेम्प्लेटबद्दल थोडं, कारण इथेच कंत्राट देताना चूक होईल अशी मला भीती आहे. बाजारातले बहुतेक टेम्प्लेट इंग्रजीसाठी काढलेले आहेत. हेडिंग छान दिसावं म्हणून त्यात अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर ठेवलेलं असतं, त्यात "काजूगर" टाइप केलं की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहतं. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं असतं, त्यामुळे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन चिकटतो आणि बटणावर तर वेलांटीचं डोकंच कापलं जातं. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद केली नसेल तर काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. सामान्य माणसाला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण पान उपरं वाटतं, विश्वास बसत नाही. हे सगळं एकदा नीट बसवायला फार तर काही दिवसांचं काम आहे, चांगले मराठी फाँट फुकट आहेत, मुंबईच्या एक टाईपने केलेला मुक्ता फाँट मी स्वतः रोज वापरतो. फक्त हे काम ज्याला मराठी वाचता येतं त्याच्याकडून करून घ्या आणि दुकानदाराच्या मोबाईलवर उघडून तपासा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको. फोनने काढलेला एकेक फोटो पाच-सहा एमबीचा असतो, तो तसाच चढवला तर आंबोलीच्या घाटात पान उघडता उघडत नाही, म्हणून फोटो आपोआप लहान करणारी सोय साच्यातच हवी.

साच्यात कायद्याचंही थोडं बसवता येईल. 2020 चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम आहेत, त्यानुसार विकणाऱ्याने नाव, पत्ता, माल परत घ्यायची रीत, तक्रार कुठे करायची हे पानावर द्यायचं असतं. आमच्या ताईंना हे कोण सांगणार? टेम्प्लेटमध्ये त्या रकान्यांची पानं तयार असली की त्या भरतील. तसंच खाद्यपदार्थांच्या परवान्याच्या एफएसएसएआय नंबरसाठी जागा, उद्यम नंबरसाठी जागा.

आणि जीएसटीचा एक गुंता आहे तो तुम्ही मनावर घ्याच. राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात करपात्र माल पाठवायचा म्हटलं की पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते, हस्तकलेच्या वस्तूंना काही सूट आहे तेवढीच. म्हणजे आमच्या गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या काजूवाल्याने साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर पुण्याला माल पाठवला तर चालतं आणि पलीकडे गोव्यातल्या पेडण्याला पाठवला तर नोंदणी, रिटर्न, सीएची फी सगळं मागे लागतं. आमच्या जिल्ह्याला गोवा आणि बेळगाव हेच जवळचे बाजार आहेत हो. वेबसाईट काढल्यावर पहिली ऑर्डर बऱ्याचदा पणजीहून येते आणि ती नाकारावी लागते, आपल्या दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवताना माणसाला किती वाईट वाटतं ते मी बघितलंय. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा आवाज मोठा आहे, अर्थखात्यामार्फत हा विषय तिथे न्या. ऑनलाईन कंपन्यांमार्फत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून सवलत मिळालीच की, मग स्वतःच्या वेबसाईटवरून शेजारच्या राज्यात थोडाबहुत माल पाठवणाऱ्यालाही एक मर्यादा ठरवून देता येईल.

हे करणार कोण, असा प्रश्न येईल. प्रत्येक जिल्ह्यात आयटीआय आहे, त्यात कोपाची, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स करणारी, मुलं आहेत, मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. या मुलांना मानधन देऊन जिल्हा उद्योग केंद्रात बसवा, एक दुकान म्हणजे एक दिवसाचं काम, दुपारपर्यंत फोटो आणि माहिती, संध्याकाळपर्यंत पान चालू. मुलांना हातात खरं काम मिळेल आणि दुकानदाराला अडलं तर विचारायला गावातलंच कोणीतरी असेल. पण डोमेनचा फॉर्म उद्योजकाच्या स्वतःच्या मोबाईलवर, त्याच्या स्वतःच्या ईमेलने, त्याच्यासमोर भरला गेला पाहिजे, त्याशिवाय ते काम झालं असं धरू नका. पहिल्या तीन वर्षांचे डोमेनचे पैसे सरकारने भरावेत, पुढे तो भरेल, आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी त्याला मराठीत मेसेज जावा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे जे प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे येतात त्यात मशिनरी असते, शेड असते, खेळतं भांडवल असतं, वेबसाईटची ओळ मला अजून एकातही दिसली नाही, ती ओळ नमुन्यातच टाकायला सांगा.

एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून आहे आणि ती पूर्ण फुकट आहे, तरी सरकारी वाटावीत अशी खासगी पानं काढून लोकांकडून त्याचे पैसे उकळले जातात. वेबसाईटची योजना जाहीर झाली की पहिल्या आठवड्यात तेच होणार. म्हणून जाहिरातीत पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहा की पैसे द्यायचे नाहीत, कुठे यायचं, कोणाला भेटायचं, आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा.

आमच्याकडे पर्यटनाचा सीझन दिवाळीला उघडतो आणि काजूचा हंगाम फेब्रुवारीत. सगळ्या राज्यात एकदम सुरू करू नका, एका जिल्ह्यात करून बघा, सिंधुदुर्ग घेतलात तर आनंदच आहे, ओरोसच्या जिल्हा उद्योग केंद्रात एक टेबल, दोन मुलं आणि नेट एवढ्यावर गणपती झाले की सुरू करता येईल. मराठीसाठी नीट बसवलेले होमस्टे, खाद्यपदार्थ आणि हस्तकलेचे माझे तीन टेम्प्लेट मी या कामासाठी विनामूल्य देतो, मुलांना शिकवायलाही येतो, फक्त कोणाकडे यायचं ते कळवा.

आपला,
वेबसाईट बनवून देणारा एक कुडाळकर