हिवाळी स्पितीचा हिशेब उन्हाच्या तासांत करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत हिमाचल प्रदेशातल्या हिवाळी स्पिती खोऱ्यावर आलेला लेख आवडीने वाचला. छायाचित्रे फार सुंदर होती. बर्फात बसलेल्या ‘की’ या बौद्ध मठाचे तर मी कापून ठेवले आहे. पण लेखाशेजारच्या चौकटीतला सहलीचा कार्यक्रम वाचून स्वस्थ बसवेना. रोजचा मुक्काम ठरलेला, रोजचे किलोमीटर ठरलेले आणि परतीच्या विमानाआधी एकही दिवस मोकळा नाही. जूनमध्ये असा कार्यक्रम निभावून जाईल. जानेवारीत तोच कार्यक्रम गाडी चालवणाऱ्याला अंधारात बर्फावर ढकलतो. भर हिवाळ्यात त्या रस्त्याने मी गेले आहे आणि जमेल तेव्हा पुन्हा जाणार आहे. तेव्हा लोकांनी जाऊच नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. जायचे तर दिवसाचा हिशेब किलोमीटरमध्ये न करता उन्हाच्या तासांत करावा, एवढे मात्र कळकळीने सांगायचे आहे.

त्याआधी एका गैरसमजाबद्दल लिहिते, कारण तो मला अनेकांच्या बोलण्यात आढळतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला, म्हणजे आता मनालीहून बाराही महिने स्पितीत जाता येते, असे लोक धरून चालतात. ते खरे नाही. ९.०२ किलोमीटरच्या या बोगद्याने रोहतांग खिंडीला वळसा मिळाला आणि लाहौल, म्हणजे सिस्सू-केलाँगचा भाग, हिवाळ्यातही मनालीशी जोडला गेला. स्पितीत उतरायला मात्र पुढे साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड ओलांडावी लागते, आणि ती हिवाळाभर बर्फाखाली बंद असते. मोबाइलच्या नकाशावर मनाली ते स्पितीचे मुख्य गाव काझा हे अंतर जेमतेम २०० किलोमीटर दिसते, म्हणून कोणी मोहात पडू नये. हिवाळ्यात स्पितीला जाण्याचा रस्ता एकच: सिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. तो सुमारे ४२० किलोमीटरचा आहे. त्याचा मोठा भाग आधी सतलजच्या आणि खाबला दोन्ही नद्यांचा संगम लागल्यावर स्पिती नदीच्या कडेकडेने, कड्यात कोरलेला आहे.

लांबचा असला तरी या रस्त्याचा एक मोठा गुण आहे. तो शरीराला हळूहळू वर नेतो. रामपूर सुमारे हजार मीटरवर, रेकाँग पिओजवळचे कल्पा तीन हजारांच्या जरा खाली, ताबो ३,२८० मीटरवर आणि काझा ३,६५० मीटरच्या आसपास. कल्पाला झोपून ताबोला आणि ताबोला झोपून काझाला गेलात, तर दर रात्रीची चढण तीन-चारशे मीटरपेक्षा फार होत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. नकाशा पाहताना लोकांना नाकोला मुक्काम सोयीचा वाटतो. पण नाको ताबोपेक्षा तीनेकशे मीटर उंच आहे, त्यामुळे पहिली उंच रात्र तिथे काढण्यापेक्षा पुढे ताबोला उतरलेले बरे. डोके ठणकू लागले, मळमळले, झोप उडाली तर तिथेच थांबावे. वाढले तर खाली उतरावे. कार्यक्रमात मोकळा दिवस नसेल, तर थांबण्याचा हा निर्णय कोणीच घेत नाही. गोळी घेऊन पुढे जातात.

आता उन्हाबद्दल. जानेवारीत काझाला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, पण अरुंद दरीत तो त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो. सकाळी आकाश उजळते, तरी रस्त्यावर ऊन पोहोचायला बराच वेळ लागतो. काही वळणांवर तर अख्खा हिवाळा ऊन पडतच नाही. दुपारी उतारावरचा बर्फ वितळतो, नाल्याचे पाणी रस्त्यावर येते, ऊन गेले की तेच पाणी गोठते. त्याचा पारदर्शक थर होतो आणि खालचे डांबर जसेच्या तसे दिसत राहते, म्हणून नवख्याला रस्ता नुसता ओला वाटतो. हाच ब्लॅक आइस. पांढरा, ताजा बर्फ त्याच्या मानाने प्रामाणिक असतो; त्यात टायर रुतून पकड घेते. ब्लॅक आइसवर मात्र ब्रेक दाबला की चाके थांबतात आणि गाडी सरकत राहते.

आमचे चालक रेकाँग पिओचे होते. नाकोच्या पुढे मलिंगच्या बाजूला एका सावलीतल्या वळणाआधी त्यांनी गाडी थांबवली. रस्ता मला तर स्वच्छ दिसत होता. ते उतरले, वळणापर्यंत चालत गेले, बुटाची टाच आपटून पाहिली आणि परत आले. डिकीतून फावडे आणि रेतीची गोणी काढली, दोन्ही चाकांच्या ओळीत रेती पसरली, मग साखळ्या चढवल्या. आम्हाला सगळ्यांना खाली उतरून डोंगराच्या बाजूने चालत यायला सांगितले. नंतर पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, त्यांनी गाडी पार केली. तेवढ्याशा वळणाला पाऊण तास लागला. ते अजिबात घाईत नव्हते, कारण आम्ही त्यांना घाईत टाकले नव्हते. दिवस अजून बराच शिल्लक होता आणि ताबोला संध्याकाळच्या आत पोहोचायचे एवढेच त्या दिवसाचे काम होते. हेच वळण अंधारात, दमलेल्या माणसाने, पुढच्या मुक्कामाचे पैसे आधीच भरलेले असताना कसे घेतले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

दुपारच्या उन्हाचा दुसरा धोका स्पितीच्या अलीकडच्या किन्नौर जिल्ह्यात जास्त जाणवतो. रात्री कड्याच्या फटींतले पाणी गोठून फुगते, दिवसा वितळते आणि सैल झालेले दगड सुटतात. रस्त्याच्या कडेला ‘शूटिंग स्टोन’च्या पाट्या दिसतात, त्या याच कारणाने. हे डोंगर तसेही भुसभुशीत आहेत. १९ जानेवारी १९७५ रोजी, म्हणजे भर हिवाळ्यातच, ६.८ तीव्रतेचा भूकंप किन्नौर-स्पितीत झाला होता. ताबोच्या मठालाही त्याने तडे गेले. सकाळी बर्फ, दुपारनंतर दगड आणि संध्याकाळी पुन्हा बर्फ, या मधल्या फटीत प्रवास करायचा असतो. ती फट चार-पाच तासांची असते. उन्हाळ्यात काझाहून निघून थेट कल्पा गाठणारे बरेच आहेत. हिवाळ्यात ताबो ते काझा हे ४७ किलोमीटरदेखील एका दिवसाचे काम म्हणून स्वीकारावे आणि लवकर पोहोचलो तर गावात हिंडावे.

गाडीचे थोडक्यात सांगते. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते, त्यातले मेण गोठून फिल्टर तुंबतो; तिथल्या पंपावर थंडीचे डिझेल मिळते का, हे विचारून घ्यावे. कूलंटमध्ये गोठणरोधक द्रव हवाच. रात्री हँडब्रेक लावून ठेवला तर तो गोठून बसू शकतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावतात. साखळ्या ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांनाच चढवायच्या, आणि त्या चढवण्याचा सराव घरी करून यायचा. बर्फात अडकलात आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवलेत, तर सायलेन्सर बर्फाने बुजलेला नाही हे आधी पाहा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्पितीतल्या घरात जी बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, असते तिचा धूर नळकांड्याने छताबाहेर जातो, तिची गोष्ट वेगळी.

त्या बुखारीभोवती सगळे घर हिवाळा काढते. पाहुणाही तिथेच बसतो. ताबोला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्या ताई पहाटे उठून आधी छतावर जात. छत सपाट, मातीचे. रात्री पडलेला बर्फ लाकडी फावड्याने ढकलून खाली टाकला नाही, तर वितळून माती भिजते आणि घर गळते. मग बुखारी पेटायची आणि तिच्यावर बर्फाचे पातेले चढायचे. नळ डिसेंबरातच गोठलेले असतात. झऱ्यावरून वा हातपंपावरून आणलेले पाणी आणि वितळवलेला बर्फ, यावर स्वयंपाक, चहा, भांडी, जनावरे, सगळे चालते. अशा घरात अंघोळीला गरम पाणी मागणारे पर्यटक मी पाहिले आहेत. मला ते पाहवले नाही. मिळालेल्या तांब्याभर पाण्यात हात-तोंड धुवावे आणि गप्प बसावे. शौचालय कोरडे असते, त्यात पाणी ओतायचे नसते, वर माती किंवा राख टाकायची. वसंतात तेच खत म्हणून शेतात जाते, म्हणून त्यात ओले टिश्यू आणि प्लास्टिक टाकणे म्हणजे त्यांच्या शेतात टाकणे.

या बर्फाकडे आपण दृश्य म्हणून पाहतो, ते त्यांचे पीकपाणी आहे. हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने मान्सून तिथे नावापुरताच पोहोचतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळे, जो बर्फ आणून टाकतात, तोच उन्हाळ्यात वितळून कुलांमधून, म्हणजे पाटांमधून, जव आणि वाटाण्याच्या शेतांना मिळतो. वर्षाला पीक एकच. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी, त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाटाणा कोरडा. म्हणून रस्ता बंद झाला की पर्यटक हळहळतात, आणि त्याच वेळी गावकऱ्यांचे चेहरे खुललेले असतात. आपला कार्यक्रम मोडला, याबद्दल यजमानांपुढे चिडचिड करू नये, हे त्यामुळे अगदी मनापासून वाटते.

हिमबिबट्यासाठी काझाजवळच्या किब्बर गावाला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी अंदाजात भारतात ७१८ हिमबिबटे धरले होते, त्यांतले ५१ हिमाचलचे. एवढ्या मोठ्या डोंगरांत एवढासा आकडा. ‘दोन दिवसांत दाखवतो’ असे कोणी म्हणाले, तर तो प्राण्याला घेरणार किंवा तुम्हाला फसवणार. स्थानिक शोधक पहाटेपासून दुर्बिणीला डोळा लावून कडे पाहत बसतात. त्यांच्याबरोबर बसण्याची तयारी असेल तर जावे. मला तो दिसला नाही. निळ्या मेंढ्यांचा कळप मात्र कड्यावरून उतरताना बराच वेळ पाहता आला, आणि त्याने माझे पुरेपूर समाधान झाले.

ताबोचा मठ इ.स. ९९६ चा. आतली भिंतीवरची चित्रे पाहायला उन्हाळ्यात रांग असते. हिवाळ्यात आम्ही तिथे अगदी मोजके लोक होतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबता आले, मग एकेक रंग दिसू लागला. बाहेर मातीच्या घुमटांवर बर्फ होता. ज्यांना हिवाळ्यात जायचे आहे त्यांना हे मिळावे, म्हणूनच हा एवढा लेखनप्रपंच.

आपणास विनंती अशी की, पुढच्या वेळी अशी चौकट छापताना किलोमीटरच्या शेजारी निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापावी, आणि परतीच्या तिकिटाआधी किमान दोन मोकळे दिवस दाखवावेत. सहलींच्या जाहिराती घेताना आयोजकांनाही विचारावे: रस्ता बंद झाला तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा? चालकाने ‘आज नको’ म्हटले तर अंतिम शब्द कोणाचा? रस्त्याची स्थिती लाहौल-स्पितीचे पोलीस हिवाळ्यात समाजमाध्यमांवर नियमित जाहीर करतात. निघण्याच्या सकाळी ती पाहूनच निघावे, ही ओळही त्या चौकटीत आली तर फार बरे होईल.

आपली,
पर्यटन पुरवणीची एक नियमित वाचक