शनिवारऐवजी रविवारी

प्रिय आई, बाबा,

परवा शनिवारी ऑफिसचं काम निघालं म्हणून आले नाही, असं सांगितलं ते खोटं होतं. फोनवर खरं सांगायला गेले आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलत बसले, म्हणून लिहितेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

फोर्टात कलेच्या इतिहासाचा बारा शनिवारांचा वर्ग आहे. मी नाव घातलंय, फीही भरली. तुम्हाला न विचारता भरली, हे मनाला खातंय. पैसे माझ्या बोनसमधले, पोरांच्या शिक्षणाला हात लावलेला नाही. परीक्षा नाही, रजा लागत नाही, अकरा ते दोनच असतं. वर्गात माझ्याहून मोठी माणसं आहेत. आता आणखी अकरा शनिवार मी परळला येणार नाही, रविवारी येईन. सासूबाईंशी बोलून ठेवलंय.

पहिल्याच तासाला काय झालं ऐका. बाईंनी दिवे मालवले, पडद्यावर चित्र आलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. आपल्या बारादेवीच्या देवळातला शंकर! १९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना सापडलेला, पाचव्या-सहाव्या शतकातला. बाबा, महाशिवरात्रीला तुम्ही मला खांद्यावर घेऊन उभे राहायचात. एवढे देव एका दगडात दाटीवाटीने का बसवलेत, असं मला वाटायचं. बाईंनी एकेक करून दाखवलं. खाली उभा शंकर, त्याच्या मागून दुसरा वर निघालेला, त्याच्याही वर तिसरा आणि दोन्ही बाजूंना फांद्या फुटाव्यात तसे आणखी चार. सात जण, सगळे एकातूनच वर येणारे. पायाशी गण वाद्यं वाजवताहेत. अकरा फुटांहून उंच, एकसंध दगड. इतकी वर्षं मी नुसते हात जोडत होते, बघितलं परवा. घरी येताना गाडीत डोळे भरून आले.

बाबा, आता तुम्ही जेजे आर्ट स्कूलचा तो फॉर्म मनात आणाल. आणू नका. गिरणी संपानंतर घर कसं चाललं, ते मी बघितलंय. तुम्ही बँकेच्या परीक्षेला बसवलंत म्हणून आज ही फी माझी मी भरू शकले. आणि रंगांचा तो चपटा डबा कोणी आणला होता? निळी वडी आधी संपली, तर नुसती निळी मिळते का म्हणून मला सायकलवर पुढे बसवून तुम्ही लालबागभर फिरला होतात.

शनिवारचं तुमचं काही अडणार नाही. गोळ्यांचा डबा रविवारी आठवड्याचा भरून जाईन. भाजी शुक्रवारी संध्याकाळी दादरहून आणून देईन, निवडूनच. शनिवारी दुपारी दादा फोन करणार आहे. आई, माळ्यावर चढायचं नाही. पापड हवे असतील तर शेजारच्या सुनेला हाक मार, मागच्या पावसाळ्यात काय झालं ते आठवतंय ना? बाबा, बीपीची गोळी सकाळीच, नाश्ता झाल्यावर; आज बरं वाटतंय म्हणून चुकवायची नाही. लोणच्याची एकच फोड. छातीत जरा जरी दुखलं तरी 'तिचा वर्ग चालू असेल' म्हणून थांबलात तर मी खरंच रागावेन. मोबाइल समोर ठेवणार आहे, बाईंना तसं सांगितलंय.

घारापुरीलाही नेणार आहेत. त्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना नकोत, बाबा. पण काळा घोड्याजवळच्या शिवाजी महाराज संग्रहालयात आपल्या शंकराची प्लास्टरची प्रतिकृती आहे. थंडी पडली की टॅक्सीने जाऊ, पाठीला उशी घेऊ, दमलात की बसू. ते सातही जण मी तुम्हाला दाखवणार आहे. आई, तुझी मोरपंखी साडी इस्त्रीला टाकून ठेव.

रविवारी दहापर्यंत पोचते. घावनांचं पीठ भिजवू नकोस, मी आल्यावर करू.

तुमची,
बेबी