आधी पार्ट तपासा, मग फ्लेक्स लावा

संपादक महोदय,

सोलापुरात एकदा सिम्फनी व्हायला हवी, तीही आपल्याकडच्या संगीतकाराची नवीकोरी, असा विषय निघाला की गाडी लगेच सभागृह, तारीख आणि प्रमुख पाहुणे यांच्यावर जाते. ही तिन्ही कामे आपल्या गावाला चांगली जमतात. प्रयोग फसतो तो कागदावर, आणि त्याची चर्चा होत नाही म्हणून हे पत्र.

बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी बसवायची तर छापील पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी स्वरलेखनाची वेगळी प्रत, मिळतात, रेकॉर्डिंग हवी तितकी ऐकता येतात. कुणी चुकीचा सूर लावला की शेजारचा मान वळवून बघतो. नव्या रचनेत चुकीचा सूर चुकीचा आहे हेच कुणाला कळत नाही. संगीतकाराला तसाच हवा असेल, असे समजून सगळे वाजवत राहतात.

बेताचा वृंद धरू. व्हायोलिन आठ आणि सहा, व्हायोला चार, चेलो चार, डबल बेस दोन, म्हणजे तंतुवाद्ये २४. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट ही फुंकीची वाद्ये प्रत्येकी दोन आणि टिंपनी म्हणजे मोठे नगारे वाजवणारा एक, असे १३. एकूण ३७ माणसे. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड, म्हणून पार्ट लागतात २५ आणि वृंद चालवणाऱ्या कंडक्टरचा, सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेला स्कोअर वेगळा. अर्ध्या तासाच्या रचनेचा एक पार्ट सरासरी १२ पानांचा धरला तरी ३०० पाने झाली. ती कुणीतरी एकेक करून तपासायची आहेत. एक सूर शोधण्यात तालमीची तीन मिनिटे गेली की ३७ जणांची मिळून १११ मिनिटे गेली.

पहिली तपासणी अगदी सोपी आहे. प्रत्येक पार्टचा शेवटचा बार, म्हणजे मात्रांचा खण, कितवा ते पाहायचे. २४ पार्ट ४१२ वर संपतात आणि सेकंड हॉर्नचा ४११ वर, म्हणजे कुठेतरी १७ बारांच्या विरामाचे १६ झाले. हे टेबलावर दहा मिनिटांत सापडते. तालमीत सापडायला अर्धा तास जातो, आणि तोवर बिचाऱ्या हॉर्नवाल्याने मोजण्यात चूक केली असेच सगळे धरून चालतात. दुसरी तपासणी सुरांची. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी लिहिलेला सूर एक स्वर खाली ऐकू येतो, एफ हॉर्नचा पंचमाइतका खाली. कॉम्प्युटरवर स्कोअर ऐकू येणाऱ्या सुरांत ठेवला असेल आणि तशीच प्रिंट मारली, तर क्लॅरिनेटचा अख्खा पार्ट रद्दी. तपासायला दोघे बसावेत, एकाने स्कोअर वाचावा, दुसऱ्याने पार्टवर बोट ठेवावे. ज्याने टाइप केले त्याला बसवू नये, त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

पार्ट ए-फोरवर झेरॉक्स काढून भागत नाही. दोघांनी हातभर लांबून वाचायचे असते. साधारण २५ बाय ३५ सेंटिमीटरचे पान, पाच रेघांची उंची सात मिलिमीटरच्या वर, कागद १०० जीएसएमचा आणि किंचित पिवळसर. पातळ कागदातून मागची छपाई दिसते आणि एसीच्या झोताने तो उडतो. उजव्या हाताचे पान विरामावर संपले पाहिजे, नाहीतर पान उलटताना निम्मे व्हायोलिन गप्प होतात. लांब विरामानंतर शेजारच्या वाद्याची ओळ लहान अक्षरात दाखवावी. लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले नुसत्या कानाने गाणे झकास बसवतात, पण ८४ बार गप्प बसून ८५ व्याला नेमके शिरणे ही वेगळीच विद्या आहे. गजाच्या खुणाही, म्हणजे गज कुठे खाली ओढायचा आणि कुठे वर, कॉन्सर्टमास्टरकडून, म्हणजे व्हायोलिनच्या म्होरक्याकडून, आधी करून घ्याव्यात आणि मग प्रती काढाव्यात. प्रती काढून झाल्यावर खुणा करायच्या तर तेच काम १२ स्टँडांवर १२ वेळा करावे लागते.

रचना रागावर बेतलेली असेल तर आणखी एक पेच येतो. संगीतकार ‘मींड’ एवढेच लिहून मोकळा होतो. आठ व्हायोलिन मग आठ प्रकारे घसरतात आणि ऐकणाऱ्याला फक्त बेसूर कळतो. मींड कोणत्या मात्रेवर सुटायची, कोणत्या तारेवर घ्यायची, कुठे पोचायची, हे लिहावेच लागते. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे डोलता गंधार ओबोकडून मागण्यापेक्षा एकट्या चेलोला द्यावा, तो देईल. रूपकाच्या सात मात्रा ‘तीन, दोन, दोन’ अशा फोडून प्रत्येक पार्टवर छापल्या नाहीत, तर पहिली तालीम हात मोजण्यातच संपते.

ओबो, बासून, हॉर्नवाले बहुधा मुंबई, पुणे किंवा गोव्याहून आणावे लागतील. मुंबईत एनसीपीए या कला केंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यामुळे माणसे देशाबाहेरूनच आणायला हवीत असे नाही. खर्च वाचवायचा म्हणून तालमी कापल्या जातात. तंतुवाद्ये आणि फुंकीची वाद्ये यांची प्रत्येकी एक वेगळी तालीम, तीन-तीन तासांच्या चार एकत्र तालमी आणि रंगीत तालीम, याखाली नव्या रचनेला जाऊ नये. २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात बेथोव्हेनने पाचवी आणि सहावी सिम्फनी एकाच रात्री प्रथम सादर केली. थिएटर गारठलेले, कार्यक्रम चार तासांचा, तालमी अपुऱ्या. शेवटची कोरल फॅन्टसी, ही पियानो, गायकवृंद आणि वाद्यवृंदाची रचना, मध्येच कोसळली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. बेथोव्हेनला माफ झाले. आपल्याला कोण करणार?

आता सभागृह. हुतात्मा स्मृती मंदिर घ्या की दुसरे कुठले नाट्यगृह, नाटकाच्या रंगमंचावर शब्द स्पष्ट ऐकू येणे महत्त्वाचे असते. सिम्फनीला सुरांचा घुमारा लागतो, चांगल्या हॉलमध्ये तो दोन सेकंदांच्या आसपास असतो. मागचे काळे पडदे आणि विंगा सूर खातात. ते वर ओढून वादकांच्या मागे जाड प्लायवूडचे फळे उभे करावेत. पातळ प्लाय स्वतःच थरथरतो आणि डबल बेसचा आवाज गिळतो. माइक लावू नयेत. तालमीच्या खोलीत उलटी तक्रार असते, चार भिंती नुसत्या घणघणतात. त्यावर उपाय घरचाच आहे, मागच्या भिंतीवर पाच-सहा सोलापुरी चादरी टांगाव्यात.

खुर्च्या बिनहाताच्या आणि न करकरणाऱ्या हव्यात. मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत चेलोवाला मागे कलंडतो. चेलोचा टोकदार पाय गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून भोके पाडलेली फळी खुर्चीच्या पायाला बांधून द्यावी.

सोलापूरची कोरडी हवा ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना आधी सांगून ठेवावी. मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या व्हायोलिनच्या खुंट्या इथे सैल होतात, सांधे उकलतात, ओबो-क्लॅरिनेटच्या लाकडाला चीर जाऊ शकते. वाद्ये किमान एक दिवस आधी यावीत आणि पेटीत ओलसर स्पंज असावा. उकाड्यात फुंकीची वाद्ये चढतात आणि तारा उतरतात, त्यामुळे ओबोने दिलेल्या ४४० हर्ट्झच्या ‘ए’ला, म्हणजे पेटीच्या पांढरी सहाला, दोन्ही जुळले तरी दहा मिनिटांत फाटतात. एसी दोन तास आधी लावून तसाच ठेवावा, मध्ये बंद-चालू करू नये. मार्चनंतरची तारीख घेऊच नये. जानेवारीच्या मध्यात गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा शहरात शांतताही मिळत नाही आणि ट्रकला रस्ताही. डबल बेस आणि टिंपनी ट्रकनेच येणार. नोव्हेंबर-डिसेंबर ठीक, मात्र बँडमधला ट्रम्पेटवाला घेतला असेल तर लग्नाच्या तिथी आधी पाहाव्यात.

दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे वादक मंचावर येण्याआधी उरकावीत. वाद्ये जुळवून झाल्यावर चाळीस मिनिटे शाल-श्रीफळ चालले तर फुंकीची वाद्ये गार पडतात आणि पहिलाच स्वर फाटका लागतो. भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या तर मात्र कुणी डोळे वटारू नयेत. १८१३ साली बेथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवून घेतला होता.

शेवटची बाब पेन्सिलीची. प्रत्येक स्टँडवर पेन्सिल आणि रबर असावे, पेन नको. प्रयोग संपल्यावर पाहुण्यांबरोबर फोटो काढायच्या आधी एका माणसाने स्टँडवरून पार्ट गोळा करावेत, क्रमांक लावून, २५ चे २५. तालमीत दुरुस्त झालेल्या चुका फक्त त्यांवरच असतात, आणि वादक रात्रीच्या गाडीला निघालेले असतात.

आपले,
वाद्यवृंदाच्या कामातले काही वाचक, सोलापूर