मागच्या स्प्रिंगा अजून खोक्यातच आहेत

नागपूर, रविवार रात्र

प्रिय संज्या,

महिनाभर तुझे फोन टाळले, हे तुला कळलंच असेल. शेवटच्या वेळी "झालं काम, मस्त बसली गाडी" म्हणालो ते निम्मं खरं होतं. पुढचं झालं, मागचं नाही. फोनवर सांगायला गेलो की तू मधेच तोडतोस आणि मग राजदूत मोटारसायकलचा विषय निघतो, म्हणून पत्र. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आई बरी आहे.

तर ऐक. तुझी क्रेटा खाली आणायला तू पाठवलेल्या स्प्रिंगांच्या खोक्यावर चारही चाकांना ४० मिलिमीटर खाली असं छापलंय. पुढे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत आधी ४३२ होते, आता उजवीकडे ४०३, डावीकडे ४०४. म्हणजे २८-२९ खाली आली. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये अजून तीन-चार बसेल. जमिनीपासून मोजू नकोस, टायरमध्ये दोन पौंड हवा कमी-जास्त झाली की आकडा फिरतो.

पुढचं काम निगुतीनं केलंय. नकलचे (चाक धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सोडायच्या आधी खडूनं नाही, टोचणीनं खुणा केल्या, म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) निदान जवळपास तरी परत येतो. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आधी क्लिपांतून मोकळी केली, नाहीतर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) बाहेर काढताना सगळा भार त्यांच्यावर येतो. लिंक रॉडचा नट फिरवताना आतली पिन एलन कीनं धरली. स्ट्रट गाडीत असेपर्यंत मधल्या नटला हात लावला नाही. बाहेर काढून, स्प्रिंग दाबणारे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून, आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळत नेलं, तेव्हा कुठे तो नट सोडला. त्यावर एअर गन चालवायची नसते. दांडा आतल्या आत गरगर फिरतो, सील खराब होतं आणि सहा महिन्यांनी शॉकअप गळायला लागला की शिव्या स्प्रिंगेला बसतात. वरची बेअरिंग नवीन टाकली. जुनी दळल्यासारखी करत होती, तशीच ठेवली असती तर स्टिअरिंग वळवताना टण्ण टण्ण वाजत राहिलं असतं आणि तू मलाच ऐकवलं असतंस.

आणि हो, बुशांचे (आर्मच्या सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावर आवळलेत. हवेत लटकत्या आर्मवर आवळले की बुश त्याच अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. लोकं इथेच घाई करतात. चाकाचे नट टॉर्क पान्यानं, ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर.

आता मागचं. क्रेटाला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. काम पुढच्यापेक्षा सोपं. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), बीमखाली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, ब्रेक पाइपवर नजर ठेवून बीम खाली सोडायचा, जुनी स्प्रिंग हातानं निघते. खालच्या रबरातल्या खाचेत नवीन स्प्रिंगेचं टोक बसवलं, शॉकअप जोडले, जॅक काढला. बीम शॉकअपवर लटकला. स्प्रिंगेला बोट लावलं तर फिरली. एका बोटानं बे, संज्या! वरच्या रबरात आणि वेढ्यात माझी करंगळी जात होती. १२ मिलिमीटर.

हा घोळ आधी कळायला हवा होता, माझी चूक. टेबलावर जुनी आणि नवीन शेजारी उभी केली असती तर तेव्हाच दिसलं असतं. गाडी खाली आणणारी स्प्रिंग आखूड असतेच, पण बरोबर बनवलेलीला वरचे दोन-तीन वेढे जवळजवळ ठेवून मऊ केलेले असतात. गाडी टेकली की ते दबून जातात, चाक लटकलं की उघडतात आणि स्प्रिंगेला जागेवर धरून ठेवतात. तुझ्यातल्या मागच्या दोघी सरळसोट आहेत. चाक खड्ड्यात पडलं किंवा गतिरोधकावरून उतरताना मागचं हलकं झालं की स्प्रिंग जागा सोडणार आणि परत तिरकी बसणार. टायर बदलायला जॅक लावशील तेव्हा तर बाहेरच पडेल. गज्या म्हणतो तारेनं बांध. कुंपण आहे का ते?

म्हणून मागे कंपनीच्याच परत टाकल्या. गाडी आत्ता अंगणात नमस्कार घालत उभी आहे. हेडलाइटचा उजेड पायाशी पडतो, रात्री चालवायच्या लायकीची नाही.

आता तू म्हणशील, पूर्वी लोक स्प्रिंगा कापायचे, त्यांचं काय बिघडलं. (राजदूतचा सायलेन्सर कापताना हेच म्हणाला होतास. चूक माझ्या आरीची नव्हती, आजही सांगतो.) कापलेलं टोक खाचेत बसत नाही, आणि गॅसनं तापवून दाबलेल्या पोलादाचं पाणी जातं, ते आज बसतं, उद्या आणखी बसतं, परवा मोडतं.

गाडी खाली आणली की उलटायची भीती कमी, हे तुझं मूळ म्हणणं खोटं नाही, ते मान्य. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा उलटण्याचा हिशेब, आकडा मोठा तितकं बरं. समज १५५० आणि ६५० धर, १.१९ येतात. ३० उतरव, १.२५. पाच टक्के, काही कमी नाही. पण पुढचा लोअर आर्म बाहेरच्या टोकाला थोडा उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होतो, अजून खाली नेलीस तर टोक वर चढतं. मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतं आणि वळणावर गाडी उलट जास्त कलायला बघते. म्हणून ३० च्या आसपास थांब म्हणतो. तुला ४० हवेत कारण फोटोत चांगले दिसतात.

दिवाळीत तुम्ही पाच जण, डिक्कीत वहिनींचा फराळ आणि वर संत्र्यांची पेटी, असे समृद्धीवरून निघणार. १२० ची मर्यादा, पुलांच्या सांध्यांवर धपाधप. रिकाम्या गाडीत मागे बम्प स्टॉपपर्यंत (जिथे चाकाची हालचाल अडते त्या रबरापर्यंत) समज ८० मिलिमीटर आहेत. ४० तू स्प्रिंगेला दिलेस, ३० माणसांनी आणि सामानानं खाल्ले. उरले १०. त्यावर संभाजीनगरच्या पुढचे रस्ते काढ बरं. रबरावर आपटत जाणारी गाडी वळणावर एकदम ताठरते आणि मागून सुटते. आणि १९० चा क्लिअरन्स आपल्याकडे शोभेचा नाही. इंडियन रोड काँग्रेसचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच. आपल्या गल्लीतला बघितलास ना? रुंदी दीड हात, उंची ज्याच्या त्याच्या मर्जीनं.

तर माझं मत. मागच्या दोन परत कर आणि मऊ वेढ्यांच्या, २५ मिलिमीटरवाल्या घे. मागचं पुढच्यापेक्षा थोडं वरच राहिलं पाहिजे, ओझं तिथे पडतं. शॉकअपही मागचे नवीन, जोडीनं. मीटरवर ६८ हजार झालेत आणि उजवा ओलसर आहे. ताठर स्प्रिंग उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं, थकलेला आवरत नाही, गाडी डुलत राहते. मग तीनशे किलोमीटर चालवून अलाइनमेंट. आधी करून पैसे घालवू नको, स्प्रिंगा बसायच्या असतात. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) बिघडलेला राहिला तर टायर आतून जातो आणि बाहेरून नवीन दिसतो. शेवटी हेडलाइट. तुझं २०२० चं मॉडेल, काचेमागे रस्ता बघणारा कॅमेरा नाही, नाहीतर त्याचंही कॅलिब्रेशन आलं असतं.

आणि विमा कंपनीला लेखी विचार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. १८२अ खाली एकेका बदलाला ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ बनावटीपासून फारकत चालणार नाही असंच म्हटलं. तुला हे पटत नसेल तर तसं सांग. पुढच्याही काढून कंपनीच्या टाकतो, एका दुपारचं काम. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

वहिनींची नवी नोकरी कशी चालली आहे? पोराचं दहावीचं वर्ष, त्याच्या मागे फार लागू नको, तू काय दिवे लावले होतेस ते मला माहीत आहे. वरच्या मजल्याचं काय ठरलं, तेही कळव.

बुधवारपर्यंत सांग, शॉकअप मागवायला आठवडा जातो. पुढच्या चाकांच्या, कंपनीच्या मूळ स्प्रिंगा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात, डावी-उजवी लिहून. आईनं त्यावर पापडांचा डबा ठेवला आहे, तेव्हा निर्णय बदललास तर आधी तिला फोन कर.

तुझा,
विन्या

ता. क. गज्याला तारेचं मी लिहिलं हे सांगू नको.