चढाईचा कागद आणि दोन वेळा

ती. आई-बाबा,
सा. न.

"हवा बिघडली तर काय?" हा आमच्या डोंगरचढाईबद्दलचा तुमचा प्रश्न फोनवर उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून लिहिते. सोबत एक कागद आहे. त्यावर वाट, बरोबरच्यांची नावं, जाकिटांचे रंग, बचाव पथकाचा नंबर आणि दोन वेळा आहेत. तो दोघांनाही सापडेल असा ठेवा.

बाबा, वेळांचा हिशेब असा. जाऊन-येऊन 14 किलोमीटर, चढ 1200 मीटर. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम आजही चालतो: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक. त्यानुसार माथ्यापर्यंत साडेतीन तास होतात, पण ते चांगल्या हवेत. वारा, ओली वाट आणि पाठीवरचं ओझं धरून मी दीडपट करते, म्हणजे पाच तासांच्या थोडं वर. पहाटे 5 ला निघायचं आणि साडेदहाला जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना. डोंगरात विजांची वादळं बहुधा दुपारनंतर उठतात. आणि ही वेळ घरीच ठरवायची, कारण वर थकलेलं डोकं "अजून दहाच मिनिटं" म्हणत राहतं.

पायथ्याचा हवामान अंदाज वरच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली 8 अंश असताना माथ्यावर शून्य, आणि त्यात ताशी 60 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे 9 सारखं लागतं. म्हणून माथ्याच्या उंचीवरचा वारा आणि शून्य अंशाची पातळी (किती उंचीवर तापमान शून्याला येतं ती) आदल्या रात्री आणि निघताना, अशी दोनदा पाहायची. धारेवर 60 च्या पुढचे झोत सांगितले असतील तर बेत रद्द. यावर चर्चा नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत आला तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच धार सोडून खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर चढायचं नाही. एकटं झाड किंवा कपारीचं तोंड हा आडोसा नव्हे.

आई, सुती कपडे नेणार नाही. घामाने भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. आत लोकरीचा पातळ थर, मग ऊबदार, वरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट. चढताना थोडी थंडी वाजलेली बरी, घाम नको. जाड थर थांबल्यावर लगेच चढवायचा, कुडकुडायला लागल्यावर नव्हे. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक जोड वाऱ्याने उडतोच.

गारठा चढतोय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत राहणार. जाकिटाची चेन लावता येईना, जीभ जड झाली, पाय अडखळायला लागले की तिथेच थांबून आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणं. अंग गार असूनही कुडकुडणं थांबलं तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही, उलट जास्त गंभीर आहे. त्यासाठी दोघं मावतील अशी आपत्कालीन पिशवी, हेडलॅम्प आणि शिट्टी बरोबर आहे. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा: ही मदतीची खूण. मोबाइल आतल्या खिशात ठेवणार, थंडीत बॅटरी पटकन बसते.

आता तुमचं काम. दुपारी 2 पर्यंत माझा निरोप यायला हवा. नाही आला तरी संध्याकाळी 5 पर्यंत काळजी करू नका. रेंज नसेल, किंवा सावकाश उतरत असू. 5 वाजले की मात्र पथकाला फोन करून कागद वाचून दाखवा. "रात्रीपर्यंत बघू" म्हणू नका, शोधायला उजेड लागतो. आणि मला सारखा फोन लावत बसू नका, उरलीसुरली बॅटरी त्यातच जाईल.

तुमची,
धाकटी